चिठ्ठी, ऐवज आणि शेरा

एका भांड्यातले दुसऱ्या भांड्यात ओतताना थोडे सांडले, तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही. दूध मोजणारा असो की तेल मापणारा असो, चमचाभर तूट आपण सर्वांना माफ केलेली असते. पण सांडले ते कोणाला दिसलेच नाही, ओतणाऱ्याने ‘सगळे उतरले’ असे शांतपणे सांगितले, आणि आपणही रिकाम्या भांड्याकडे न पाहता त्यावर विश्वास ठेवला, तर या व्यवहाराला नाव काय द्यावे? लबाडी म्हणावे, तर ओतणाऱ्याच्या मनात लबाडी नसते. अपघात म्हणावा, तर तो रोज त्याच जागी त्याच रीतीने घडतो. गेली दोन-तीन वर्षे हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. आणि मौज अशी की तो मला एखाद्या जाड ग्रंथात भेटला नाही, संगणकाच्या पडद्यावर भेटला.

मी एका तालुक्याच्या गावी मुलांना चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिकणे मॅट्रिकच्या पलीकडे फारसे सरकले नाही. चित्रकलेच्या मास्तराला काम कमी असते असा आमच्या साऱ्याच शाळांत एक दृढ समज आहे. त्या समजुतीपायी मुलांची माहिती संगणकावर चढविण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. माझा भाचा पुण्यात संगणकासाठी आज्ञावल्या लिहितो. मला वाटत असे, ही मंडळी दिवसभर अवघड गणिते सोडवीत असतील. मागच्या दिवाळीत त्याला तसे विचारले, तर तो हसून म्हणाला, “मामा, गणित कसले घेऊन बसलास? आमचा निम्मा दिवस या डब्यातले त्या डब्यात करण्यात जातो.”

त्याने मग मला ते डबे दाखवले. फराळाचे डबे सारखेच असले की घरातली बाई त्यांवर चिठ्ठ्या चिकटवते: चिवडा, शंकरपाळे, कडबोळी. संगणकातही माहिती अशीच भरून ठेवतात. चिठ्ठीला ते ‘की’ म्हणतात, आतल्या ऐवजाला ‘व्हॅल्यू’ म्हणतात, आणि चिठ्ठ्या लावलेल्या या साऱ्या मांडणीला ‘मॅप’. (नकाशाशी त्याचा संबंध नाही, भाच्याने हे मला दोनदा सांगितले.) नियम एकच: एका नावाची चिठ्ठी एकदाच. ‘चिवडा’ अशी दुसरी चिठ्ठी आणलीत, तर पहिल्या डब्यातला ऐवज काढून टाकून तिथे नवा बसतो.

इथपर्यंत सारे सरळ आहे. पण मांडण्या एकाच जातीच्या नसतात. जावास्क्रिप्ट नावाची जी भाषा आज जगभरच्या पडद्यांमागे वावरते, तिच्यात एक ‘मॅप’ आहे आणि एक ‘ऑब्जेक्ट’ आहे. दोन्हींत चिठ्ठी आणि ऐवज असतो, म्हणून यातले त्यात करणे एका ओळीचे काम वाटते. आणि ते एका ओळीत होतेही. पण दोघांचे स्वभाव सख्ख्या भावांसारखे निराळे आहेत. मॅपला आकडा एक आणि अक्षर म्हणून लिहिलेला एक यांतला फरक कळतो. तिथे दोघांचे दोन डबे सुखाने शेजारी राहतात. ऑब्जेक्टला तो कळत नाही. थोडा अपवाद सोडला, तर चिठ्ठीवर काहीही असो, तो ते अक्षरच समजतो. तेव्हा या घरातून त्या घरात जाताना दोन डब्यांचा एक डबा होतो, आणि ज्याचा नंबर नंतर लागला त्याचा ऐवज शिल्लक राहतो. पहिला गेला कुठे, हे कोणी विचारीत नाही आणि यंत्रही सांगत नाही.

क्रमाचीही तीच कथा. समजा, शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत झाली. सतरा क्रमांकाचा मुलगा पहिला आला, चार क्रमांकाचा दुसरा, नऊ क्रमांकाचा तिसरा. मॅपमध्ये ही नावे आली त्याच क्रमाने उभी राहतात. तीच ऑब्जेक्टमध्ये नेली, तर चार, नऊ, सतरा अशी हजेरीपटाच्या शिस्तीत उभी राहतात. जो जिंकला तो शेवटी गेला. एकही मूल गळले नाही, एकही आकडा चुकला नाही, आणि तरी जे घडले होते ते पुसले गेले.

पण खरा धक्का मला पुढच्या गोष्टीने बसला. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती पाठवायची, तर ती ‘जेसन’ नावाच्या एका साध्या लिखित रूपात पाठवण्याचा प्रघात आहे. भाच्याने एक मॅप घेतला, त्यात माझ्या वर्गातल्या मुलांसारख्या काही कल्पित नोंदी भरल्या, आणि तो तसाच उचलून जेसन करणाऱ्या आज्ञेच्या हाती दिला. उत्तर म्हणून दोन महिरपी कंस आले, आणि त्यांच्या मध्ये काही नाही. आत दहा नोंदी असोत की दहा हजार, निकाल हाच. जाणते लोक आधी मॅपची जोडी-जोडीने यादी करतात आणि मग पाठवतात. ते मला नंतर कळले. पण त्या क्षणी मी त्या दोन कंसांकडे पाहतच राहिलो. यंत्राने ‘मला हे जमत नाही’ असे म्हटले असते, तर मी त्याला हसलो असतो. त्याने तसे म्हटले नाही. काम झाले, असे म्हणून त्याने रिकामे ताट पुढे केले.

शून्याचे आणि अभावाचे प्रकरण तर याहून नाजूक आहे. आम्हां मास्तरांना एक गोष्ट फार लवकर कळते: गैरहजर मुलाला शून्य गुण देऊ नयेत. ज्याने कोरा कागद दिला त्याचे शून्य आणि जो तापाने घरी निजला होता त्याची रिकामी जागा, या दोन वस्तू एक नव्हेत. संगणकाच्या भाषांना हे ठाऊक नाही असे नाही. उलट, त्यांच्यापाशी ‘नाही’ म्हणण्याचे इतके प्रकार आहेत की न्यायशास्त्रातल्या अभावाची आठवण व्हावी. जावास्क्रिप्टमध्ये ‘नल’ म्हणजे इथे मुद्दाम काही ठेवलेले नाही. ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे इथे काय ठेवायचे हे कोणी ठरवलेच नाही. पण जेसनचा उंबरठा ओलांडताना नल तेवढा पलीकडे जातो, आणि दुसरा, चिठ्ठीसकट, गळून पडतो. पुढे ‘गो’ नावाच्या भाषेतल्या एखाद्या साच्यात ती माहिती भरली, आणि तिथे गुणांसाठी साधा आकड्याचा खाना असला, तर न आलेल्या आकड्याच्या जागी आपोआप शून्य येऊन बसते. तापाने निजलेला मुलगा तीन घरे फिरून नापास झाला. कोणी केले? कोणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या घरचा रिवाज पाळला.

(या ‘नल’वरून सांगतो. आपल्याकडे नल म्हटला की दमयंतीचा नल. तिकडे ज्यांचे आडनावच ‘नल’ असे आहे, अशा माणसांना काही संगणकी तक्ते घेत नाहीत, कारण ते त्या आडनावाला ‘नाव भरलेले नाही’ असे समजतात. आमच्या नलाला कलीने छळले. या बिचाऱ्यांना चार अक्षरांनी.)

कोणी म्हणेल, ही सगळी यंत्रयुगाची पिडा, पूर्वी असे नव्हते. पूर्वीही होते. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली, तेव्हा सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे होतात, ते ठीक. पण एका आण्याचे सव्वासहा होतात, आणि सव्वा नावाचे नाणे नाही. म्हणून नियम केला: जवळचा पैसा धरावा, आणि बरोबर मधोमध आले तर खालचा. आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. आता गंमत पाहा. आण्या-आण्याच्या वस्तू चार वेळा घेतल्या तर चोवीस पैसे पडतात, एकदम घेतल्या तर पंचवीस. एक पैसा कुठेतरी सांडतोच. परंतु त्या रूपांतरात मला एक सभ्यपणा दिसतो. तूट किती, ती केव्हा पडणार आणि कोणाच्या पदरी पडणार, हे कायद्याने आधीच सांगून ठेवले होते. दुकानादुकानांतून त्याचे तक्ते टांगलेले असत. ज्याला भांडायचे असेल त्याला भांडण कशाशी आहे ते माहीत होते.

याच्या उलट्या जातीचे रूपांतर म्हणजे मोडीचे बाळबोध करणे. मोडी लिहिणारे कारकून वेगाने लिहीत. इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ ते बहुधा पाळीत नसत. तेव्हा ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘दिन’ आणि ‘दीन’ मोडीत एकाच वेषात येतात, आणि बाळबोधीत उतरवणाऱ्याला त्यांतले एक निवडावेच लागते; दोन्ही ठेवण्याची सोय नव्या लिपीत नाही. इथे काही सांडत नाही. इथे मुळात नसलेली एक गोष्ट भरली जाते, आणि एकदा छापली गेली की ती मूळचीच होती असे दिसू लागते. चांगला संशोधक अशा जागी तळटीप देतो. ज्याला घाई असते तो देत नाही.

कधी तर भांडे बदलणे कठीण म्हणून लोक ऐवजच बदलतात. माणसाच्या शरीरातल्या काही जनुकांची लघुनावे इंग्रजी महिन्यांसारखी होती, आणि एक्सेल नावाचा हिशेबाचा कागद त्यांना तारखा समजून तसे लिहून ठेवी. २०१६ मध्ये काही संशोधकांनी शोधनिबंधांसोबतच्या अशा याद्या तपासल्या, तेव्हा सुमारे पाचातल्या एका निबंधात असली चूक सापडली. शेवटी २०२० पर्यंत नावे ठरवणाऱ्या समितीने त्यांतल्या कित्येक जनुकांचे बारसे पुन्हा केले. एका कागदासाठी निसर्गाने आपली नावे बदलून घेतली, असे मी म्हटले तर शास्त्रज्ञ रागावतील. पण घडले ते जवळजवळ तसेच.

माझ्या मनाचा कल आतापावेतो वाचकांच्या ध्यानात आलाच असेल. तूट पडणे हा दोष मी फारसा मानीत नाही. कादंबरीकाराने तो मानूच नये. जिवंत माणसाचे पात्र करताना मी स्वतः किती सांडतो, ते माझे मला माहीत आहे. पण तूट पडली हे न सांगणे, ही गोष्ट वेगळी. भाच्याला मी हे म्हटले, तेव्हा त्याने मला दोन उत्तरे दिली, आणि दोन्हींनी माझी झोप उडवली.

पहिले असे. तो म्हणाला, “मामा, प्रत्येक जण प्रत्येक गोष्टीला अडून बसला तर एकही पत्र पोचणार नाही.” इंटरनेटची पायाभरणी चालू होती त्या काळात, १९८० साली, जॉन पोस्टेल या गृहस्थांनी यंत्रांच्या परस्परसंभाषणाचा एक नियम लिहून ठेवला: देताना काटेकोर असावे, घेताना उदार असावे. सासुरवाशिणीला द्यावा तसा हा उपदेश. आणि त्यावर जग चालले, हे नाकारता येत नाही. मात्र त्याच क्षेत्रातले लोक अलीकडे म्हणू लागले आहेत, की घेणारा फार उदार असला की देणाऱ्याची चूक कोणी दुरुस्तच करीत नाही. ती मुरते, आणि मग तोच रिवाज होतो. हे मला घराघरांतून पाहायला मिळालेले आहे.

दुसरे उत्तर अधिक भारी होते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून युरोपाचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्यांदा उडाले, चार उपग्रह पोटात घेऊन. त्याच्या दिशादर्शक यंत्रातली आज्ञावली जुन्या एरियान-४ वरून उचललेली होती. तीत एका ठिकाणी मोठ्या खान्यातला आकडा लहान खान्यात भरायचा होता, आणि त्या लहान खान्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नसे. जुने यान मंद होते, म्हणून तिथे कधी अडचण आली नाही. नवे वेगवान होते. आकडा मावला नाही. आता या यंत्राने गप्प बसून काहीतरी भरले नाही. माझ्या तत्त्वज्ञानाप्रमाणे ते प्रामाणिकपणे अडले, आणि बंद पडले. जोडीचे राखीव यंत्र त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडले होते. बंद पडताना त्याने आपल्या दुखण्याची तक्रार पाठवली. पण मुख्य संगणकाला तक्रार ओळखताच येत नव्हती, त्याने ती उड्डाणाची माहिती समजून वाचली, आणि त्याप्रमाणे नळकांडी वळवली. सुमारे चाळीस सेकंदांत सारे आकाशात फुटले.

मी बराच वेळ बोललो नाही. मी गप्प यंत्राला दोष देत होतो. हे तर बोलले होते. ऐकणाऱ्यापाशी ते ‘बोलणे’ आहे हे कळण्याची जागा नव्हती, एवढेच. उलट, २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोचताना जे अमेरिकन यान हरवले, त्याच्या बाबतीत सगळे काही गोड होते. चिठ्ठी बरोबर, आकडा आकड्याच्या खान्यात बरोबर मावलेला. फक्त पाठवणाऱ्याने तो पौंडाच्या मापात दिला होता आणि घेणाऱ्याने न्यूटनच्या मापात वाचला. फरक सुमारे साडेचार पटीचा. चिठ्ठीवर माप लिहिलेले नव्हते. तेव्हा अडणारा बरा की चालवून घेणारा बरा, हा माझा प्रश्नच मला अपुरा वाटू लागला. जे मावत नाही, त्याला ठेवायला तिसरी काही जागा आहे की नाही, हे आधी विचारायला हवे होते.

ती जागा आमच्या जुन्या दप्तरांत होती. शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल: उजव्या टोकाला एक रुंद खाना, वर लिहिलेले ‘शेरा’. नाव, जात, जन्मतारीख, मागची शाळा, या खान्यांत जे बसले नाही ते तिथे जाई. जन्मतारीख आजीच्या सांगण्यावरून. मूल मामाकडे राहते. वडील परगावी, पत्ता समजत नाही. माझ्या भाच्याच्या धंद्यातही हा प्रश्न अनेकांना पडलेला आहे. गूगलच्या ‘प्रोटोकॉल बफर्स’ या मांडणीच्या तिसऱ्या आवृत्तीत, ओळखू न आलेल्या चिठ्ठ्यांचा ऐवज आरंभी सरळ टाकून देत असत. २०१७ मध्ये त्यांनी तो निर्णय फिरवला आणि न कळलेलेही जपून पुढे देण्याचे ठरवले. मला न कळलेले पुढच्याला कळेल, असे मानणे ही विनयाची गोष्ट आहे. यंत्राला ती आली, याचे मला अप्रूप वाटते.

आता ज्या कारणाने हा प्रश्न माझ्या उरावर बसला, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी पाचवीत एक मुलगी आली. आईने एकटीने वाढवलेली. स्वतःचे नाव सांगताना ती आपल्या नावापुढे आईचे नाव लावी, आणि थांबे. आमच्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचे नाव घालणे आवश्यक झाले आहे: आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. चांगलेच झाले, पण ही मुलगी त्याआधीची, आणि तिच्या घरात तिसऱ्या जागेला कोणी नव्हते. वरून आलेल्या एका तक्त्यात वडिलांच्या नावाचा खाना होता, आणि तो भरल्याखेरीज पुढचे पान उघडत नव्हते. तिची आई म्हणाली, “सर, त्या माणसाचं नाव मी घालणार नाही. आणि खोटंही घालू नका.” दोन वाक्ये, आणि दोन्ही रास्त.

शिक्षकांच्या खोलीत तासभर खल झाला. एकाने सुचवले, आजोबांचे नाव घालावे. दुसरा म्हणाला, जे असेल ते खरे नाव घालावे, कायदा कायदा आहे. आमच्या लिपिकांनी, जे या कामात मुरलेले आहेत, सांगितले, “अहो सर, एक टिंब द्या. त्याला काहीतरी लागतं, टिंब चालतं.” मी म्हटले, टिंब म्हणजे काय? नाव माहीत नाही, की नाव नाही, की आईला ते सांगायचे नाही? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या बाईचा आयुष्यभराचा निर्णय आहे. लिपिक सज्जन गृहस्थ; ते म्हणाले, “सर, ते तुम्ही कादंबरीत लिहा. इथे फक्त पुढचं पान उघडायचंय.”

टिंब देण्याचे मुख्याध्यापकांनी ठरवले. मी आग्रह धरून रजिस्टरात शेऱ्याच्या खान्यात शाईने लिहिले: ‘वडिलांचे नाव आईने स्वेच्छेने सांगितलेले नाही.’ खाली मुख्याध्यापकांची सही घेतली. त्यांनी ती कुरकुर न करता दिली, हे नमूद केले पाहिजे. मुलीला मी ती ओळ दाखवली. तिने ती दोनदा वाचली आणि विचारले, “सर, संगणकात पण असंच लिहिलंय?” मी म्हटले, तिथे शेऱ्याला जागा नाही. ती म्हणाली, “मग तिथे काय आहे?” मी तिला टिंब दाखवले. तिने पडद्याच्या अगदी जवळ डोळे नेऊन ते पाहिले.

या वर्षी जुलैत वरून आमच्या शाळेच्या माहितीचा गोषवारा आला. प्रत्येक खान्यापुढे तो किती भरला याचा आकडा होता. वडिलांचे नाव: शंभर टक्के. मुख्याध्यापकांनी तो कागद सूचना-फलकावर लावायला सांगितला, आणि शिपायाने तो चार टाचण्यांनी लावला.